गिरगावकरांच्या मेंढ्या

आमच्या घराण्याचा माण भागात एक माळ आहे आणि त्याचा सगळा कारभार गिरगावातल्या दोन खोल्यांतून चालतो. माळ म्हणजे अगदी माळच. विहीर नाही, ऊस नाही, सावलीला म्हणावं असं झाड नाही. मधोमध एक उथळ तळं आहे, ते होळीपर्यंत कसंबसं टिकतं. पणजोबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी हा तुकडा का घेतला हे कुणालाच सांगता येत नाही. कुणीतरी तो त्यांच्या गळ्यात मारला असावा, असं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या म्हटलं जातं. आज तो तिघांच्या नावावर आहे: माझे काका, दादरची आत्या आणि मी. काका म्हणतील त्याला आत्या हो म्हणते. उरलो काका आणि मी, आणि आमचं दोघांचं मला समजायला लागल्यापासून पटलेलं नाही.

काका ऐंशीच्या घरात आहेत. बँकेतून निवृत्त झाले, त्याला जमाना झाला. ते आमच्याच वाडीत, आमच्याच मजल्यावर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला राहतात. मी चर्नी रोडजवळ चष्म्याचं दुकान चालवते. माझा दिवस लोकांना हळू आवाजात "आता दिसतंय का? आणि आता?" असं विचारण्यात जातो. त्यामुळे संध्याकाळी घरी आले की मला मोठ्यांदा बोलायची भूक लागलेली असते, आणि काका समोरच बसलेले असतात. आमची भांडणं मजल्यावरच्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

काकू गेली तेव्हा काकांनी तिच्या आठवणीसाठी माळावर झाडं लावायचं ठरवलं. सगळ्यांनाच ते पटलं. मोकळी जमीन दिसली की मुंबईच्या माणसाचे हात शिवशिवतात. इथे काहीतरी करायचं राहून गेलंय असं त्याला वाटतं. गुलमोहर, सुबाभूळ, कडुलिंब, मिळेल ते रोप लावलं. भोवती तारेचं कुंपण घातलं. 'वन्यप्राण्यांसाठी राखीव. गुरे-मेंढ्या आणू नयेत' असा बोर्ड काकांनी लालबागच्या एका पेंटरकडून हौसेनं रंगवून घेतला. त्यावर हरणाचं चित्रही होतं. पेंटरनं त्याला झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं काढली होती.

हरीण काही आलं नाही. झाडं दोन उन्हाळ्यांत करपली, तळ्याकाठचा एक कडुलिंब तेवढा तगला. गवताचं तर मला कोडंच पडलं. मेंढ्या बंद झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात ते कमरेएवढं वाढलं, तेव्हा आम्ही त्याचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले, आत्यानं टाळ्यांचे हात पाठवले. मग ते वाळलं, करडं पडलं आणि तसंच उभं राहिलं. पुढच्या पावसात त्या जुन्या गचपणाखालून नवा कोंब वर येईना. मधल्या उघड्या जमिनीवर कडक पापुद्रा धरला होता, पाऊस पडला की पाणी त्यावरून घसरून निघून जायचं. साधी टिटवी ओरडत नव्हती. अशातच एक प्लॉट पाडणारा माणूस काकांना फोन करायला लागला. त्याला तिथे फार्महाऊस उठवायची होती.

"विकून टाकू," काका म्हणाले. "तिच्या नावानं लावलेलं जगलं नाही. मला आता तिकडे बघवत नाही."

मला विकायचा नव्हता. त्या माळावर उभं राहिलं की चारी बाजूंना आभाळ जमिनीला टेकलेलं दिसतं, आणि मी उभा जन्म समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे बघत काढला आहे. पण हे कारण काकांना सांगून उपयोग नव्हता. विकायच्या आधी एकदा बघून तरी येते म्हणून मी निघाले.

पाऊस नुकताच सुरू झाला होता. आमच्या कुंपणाबाहेर मेंढ्यांचा मोठा कळप उभा होता आणि कळपापुढे एक धनगर बाई. चाळिशी उलटलेली, डोक्यावर पदर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलवर ती कुणाला तरी सणसणीत झापत होती. तो तिचा दीर, हे मला मागाहून कळलं. त्याला झापून झाल्यावर तिनं फोन कमरेला खोचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच का त्या कुंपनवाल्या?"

"हो."

"त्या बोर्डावर कंचं जनावर काढलंय?"

"हरीण."

"आसं आस्तंय व्हय!" ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं. तिथून आमचं जमलं.

तिचा सासरा पावसाळाभर याच माळावर मेंढ्या चारायचा. दिवाळी झाली की ही मंडळी कळप घेऊन घाट उतरून कोकणात जातात, भाताच्या रिकाम्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवतात, आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. आम्ही कुंपण घातलं तेव्हा त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच घातलं होतं. "आदी हितं मेंढरांच्या मागनं चिंकारं चरायची," ती म्हणाली. "मेंढरांनी वरचं वाळकं रापट खाल्लं की खालनं कवळं फुटतंय, ते त्यास्नी लागतंय. आता ह्या म्हाताऱ्या गवतात कोन यील? आन माझा सवार्थ हायच की. मला चारा पायजे, खोटं कशाला बोलू."

तिचं सगळंच मी मान्य केलं असं नाही. ती म्हणत होती, कुंपण पाडा आणि सगळा माळ मोकळा सोडा. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या मागून आणखी चार कळप घुसणार आणि महिन्याभरात माळ बोडका. त्यावर ती विचारात पडली. बांधावर बसून आम्ही खूप वेळ वाद घातला. मध्ये तिनं मला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली. मग मुंबईला येऊन मी गवताळ माळांवर काम करणाऱ्या काही जणांना गाठलं, हाती लागेल ते वाचलं, तिला पुन्हा फोन केले. तिचं आणि माझं असं मिळून जे ठरलं ते डोक्यात घेऊन मी काकांच्या दारात उभी राहिले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

रविवार होता. वरळी कोळीवाड्याहून वर्षानुवर्षं आमच्या वाडीत येणारी मासेवाली मावशी जिन्याच्या तोंडाशी पाटी उतरवून बसली होती. बोटी बंद असल्यामुळे पाटीत सुके बोंबील आणि सुकट. मी काकांना सांगत होते आणि सगळा मजला ऐकत होता.

"मेंढी म्हणजे वाळवंट," काका म्हणाले. "मुळासकट खाते."

"एका जागी ठेवली तर खाते, काका. हलवत ठेवली तर नाही. माळाचे चार भाग करायचे. एका भागात थोडे दिवस, मग पुढे. परत तिथे यायचं ते गवत पुरतं उठल्यावरच. खुरांनी पापुद्रा फुटतो, पाणी मुरतं. लेंड्यांचं खत होतं, बी मातीत दडपलं जातं. आणि एक भाग पावसाळाभर पूर्ण बंद. तिथे पक्ष्यांनी अंडी घालायची. दर वर्षी बंद भाग बदलायचा."

"आमचा पन तसाच," मासेवाली मावशी बोंबील मोजता मोजता म्हणाली. "पावसात बोटी वर खेचताव. मासली पिलां घालते तवा जाला नाय टाकाचा."

"मग हल्ली पापलेटं एवढीशी का मिळतात?" काकांनी तिच्यावर तोफ वळवली.

"ता मोठ्या बोटवाल्यांना इचारा, भाऊ! माझ्या घोवाची होरी केवढी, तुमाला ठाव नाय?"

दोघांची चांगलीच जुंपली. पापलेटाचा विषय संपल्यावर काका खुर्चीत मागे टेकले आणि एकदम म्हणाले, "एक पावसाळा. दिवाळीला कळप जाईपर्यंत आण तुझ्या मेंढ्या. त्यात तिथे लांडगा दिसला तर माळ राहील. नाही दिसला तर विकायचा, आणि तू तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

लांडगाच का, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. काका शाळेत असताना आजोबांबरोबर माळावर गेले होते, आणि तळ्याकाठी त्यांनी लांडगा पाहिला. मान वळवून तो त्यांच्याकडे बघत उभा होता. आजोबा म्हणाले, गावातलं कुत्रं असेल. आत्या म्हणायची, कोल्हा असेल. माझे वडील तर त्यांना मरेपर्यंत चिडवत राहिले. गेली साठ-पासष्ट वर्षं काका तो लांडगा लोकांना सांगतायत आणि लोक तोंड फिरवून हसतायत. मी तोऱ्यात "मान्य" म्हटलं खरं. लांडग्याचं नाव त्या भागात कुणी काढलेलंही माझ्या कानावर नव्हतं.

कुंपण एका बाजूनं उघडलं, बोर्ड काढला. हालचाल झाली की आपोआप व्हिडिओ घेणारा एक कॅमेरा मी तळ्याकाठच्या त्या एकुलत्या कडुलिंबाला बांधला. काकांचा नियम असा की मी माळावरून कार्ड आणायचं, पण आधी बघायचं नाही. ते रविवारी सगळ्यांसमोर काकांच्या टीव्हीवर लागायचं. मी लबाडी करीन, अशी त्यांना खात्री होती.

पहिल्या कार्डात फक्त मेंढ्यांची ढुंगणं निघाली. पाणी प्यायला येणारी ढुंगणं, जाणारी ढुंगणं, कॅमेऱ्याला खाजवणारं एक ढुंगण. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हिरमुसले, पण दुसऱ्या कार्डाच्या वेळी दारात दुप्पट माणसं जमली. दुसऱ्यात ससा आला. गिरगावातल्या एका चाळीत सशासाठी शिट्ट्या वाजल्या! मग मुंगूस. मग चरून खुरट्या झालेल्या भागात माळटिटवी आणि तिच्या मागे काड्यांच्या पायांवर पळणारी पिल्लं. मग लांब कानांचं, कोल्ह्याहून लहान खोकड, कॅमेऱ्याला नाक लावून हुंगणारं. टीव्ही दाराकडे वळवून ठेवला जाऊ लागला, गॅलरीत सतरंज्या पडू लागल्या. समोरच्या बिऱ्हाडातून कांदेपोहे यायचे. आत्या दादरहून दर रविवारी हजर. मासेवाली मावशी पाटी खाली ठेवून आधी विचारायची, "आज काय हाय पिच्चरला?"

माळ तर मला ओळखू येईना. पावसाळ्याच्या मध्यावर मी गेले तेव्हा चरून पुढे सोडलेल्या भागांत पवन्या आणि मारवेल ही गवतं कोवळी पोपटी उठली होती. बंद ठेवलेल्या भागातून चंडोल सरळ वर उडायचा आणि वरूनच गाणं ओतायचा. पापुद्रा गेला होता, पाय टाकला की माती दबायची. मी चप्पल काढून त्यावरून पळाले. पन्नाशीची बाई मी, पण मला आवरलंच नाही. मेंढपाळ बाई काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होती. "आवं, काटं हायेत," ती ओरडली, तोवर एक रुतलाच होता.

भाद्रपदात चिंकारा आला. मादी, सोबत पाडस. बारीक, सरळ शिंगं. पेंटरचं हरीण किती चुकलं होतं ते सगळ्यांना कळलं, आणि पडद्यावर पाडसानं उडी मारली तेव्हा आत्यानं माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठले. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते, पण ते म्हणाले, "छान आहे. लांडगा नाही."

दिवाळी झाली. कळप घाट उतरून गेला. मी शेवटचं कार्ड आणलं आणि ते पर्समध्ये घेऊन फिरताना मला धड जेवण जाईना. त्यात एक तर लांडगा होता, नाहीतर प्लॉट पाडणारा माणूस.

काका म्हणाले, "त्या बाईलाही बोलाव. आपल्या जमिनीवर कोण असतं ते मला बघू दे." तिचा मुक्काम तेव्हा पेणजवळ होता. ती एसटीनं परळला उतरली, तिथून मी तिला टॅक्सीनं घेऊन निघाले. लालबागच्या मिरच्यांच्या दुकानांपाशी तिनं टॅक्सी थांबवायला लावली, मिरच्या मुठीत घेऊन वास घेतला, भाव विचारला, नाक मुरडलं आणि परत येऊन बसली. गॅलरीत तिला मधली खुर्ची दिली. काका तिच्याशी फार अदबीनं वागले, दोनदा चहा विचारला. ती खुर्चीच्या कडेला अवघडून बसली होती.

मी कार्ड लावलं. मेंढ्या. मेंढ्या. खोकड. मेंढ्या. कुणीतरी जांभई दिली. मग पडद्यावर पहाटेचा राखाडी उजेड आला आणि गवतातून एक प्राणी निघाला. लांब पाय, सडपातळ अंग, शेपूट खाली. तळ्याच्या काठानं तो चालत आला, थांबला आणि मान वळवून थेट आमच्याकडे पाहिलं.

"लांडगा!" काका ताडकन उभे राहिले. "हाच! अरे हाच! असाच बघत होता, मान वळवून! मी सांगत होतो की नाही?"

गॅलरीत एकच कल्ला झाला. टाळ्या, शिट्ट्या, कुणी तरी ताट बडवायला लागलं. खालच्या मजल्यावरची माणसं काय झालं म्हणून जिन्यात आली. मी काकांच्या गळ्यात पडले, ते रडत होते आणि मीही रडत होते. माळ वाचला होता! मला वाटलं, माझ्या आयुष्यात मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

"त्याच्या तोंडात काय हाय, बघितलंसा का?"

बाईचा आवाज बारीक होता, पण तिच्या खुर्चीच्या आजूबाजूच्यांनी टाळ्या थांबवल्या, मग त्यांच्या मागच्यांनी. मी पडद्याकडे वळले. चित्र तिथेच थांबलेलं होतं. लांडग्याच्या जबड्यातून एक कोकरू लोंबत होतं. आम्ही फक्त त्याचे डोळे बघितले होते. मी, दिवसभर दुसऱ्यांचे नंबर काढणारी बाई, मलाही दिसलं नव्हतं.

"माझं हाय ते," ती म्हणाली. "कपाळावर पांढरं हाय बगा."

टाळ्या वाजवलेल्या हातांचं काय करावं ते कुणाला समजेना. मासेवाली मावशीनं आपले पदराखाली घेतले.

"परत लावा," बाई म्हणाली. मी लावलं. तिनं शेवटपर्यंत पाहिलं. "दसऱ्याला गेलं ह्ये. म्या दिराला म्हनलं, तू झोपलास, कुनीतरी उचलून न्हेलं. म्हैनाभर त्याच्या ताटात भाकरी टाकताना बोलत हुते मी. आता त्याला काय तोंड दाखवू?" ती जराशी हसली आणि लगेच तिनं डोळे पुसले. "आई न्हवती त्या कोकराला. दुसरीच्या अंगावर धरून पाजलं हुतं मी."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. तिच्या कोकराच्या मरणावर आम्ही ताट बडवलं होतं.

काका तिच्या खुर्चीजवळ गेले. "मग आता तुम्ही लोक त्या लांडग्याला..."

"काय करनार?" ती म्हणाली. "त्योबी माळावरच ऱ्हातोय. आमच्यात लांडग्यानं एकादं न्हेलं तर लई मागं लागत न्हाईत. त्याचा वाटा म्हंत्यात. पर वाटा दर टायमाला माझ्याच ताटातनं का? माळ तुमचा, लांडगा तुमचा, टाळ्या तुमच्या. आन कोकरू तेवढं माझं."

मी पैज जिंकले होते, आणि जिच्यामुळे जिंकले ती उठून गेली तर त्या जिंकण्याला काही अर्थ उरणार नव्हता. तिच्या मेंढ्या आल्या नाहीत तर माळ पुन्हा करडा पडणार, आणि तिनं किंवा तिच्या दिरानं रागाच्या भरात काही विषारी टाकलं तर लांडगाही संपणार.

"पुढच्या पावसाळ्यात तुम्ही याल ना?" मी विचारलं. दुकानात विचारते तेवढ्याच हळू आवाजात विचारलं.

तिनं थंड झालेला चहा संपवला, कप बशीत ठेवला. "यीन की. पर माझ्या कळपात तुमची मेंढरं घाला. वाट्यानं. मेंढरू तुमचं, राखन माझी, कोकरं हुतील ती निम्मी निम्मी. मग लांडगं आलं की बघू, कोन टाळ्या वाजवतंय."

मग जो गोंधळ उडाला तसा मी आमच्या मजल्यावर पुन्हा ऐकला नाही. मासेवाली मावशी सगळ्यात आधी ओरडली, "माझा एक घाल!" बोटीवर वाट्यानंच धंदा करणारी ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. मग आत्या, जिनं जन्मात कधी स्वतःहून काही ठरवलं नव्हतं, काकांकडे न बघता म्हणाली, "माझीही एक." समोरच्या बिऱ्हाडानं दोघा भावांत मिळून एक घेतली. मी तर घेतलीच. मेंढी मुंबईला आणता येते का, तिला नाव ठेवायचं का, आपली ओळखायची कशी, असे प्रश्न चहूकडून सुटले. बाई हसून हसून बेजार झाली. पाठीवर रंग लावायचा असं ठरलं, ज्यानं त्यानं आपला सांगायचा. काका मात्र आत जाऊन बसले. पैज हरल्याचं त्यांना दुःख नव्हतं, लांडगा खरा ठरला म्हणून ते सुखात होते. पण मेंढी घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

मग वैशाखातल्या एका दुपारी ते माझ्या दुकानात आले. ते कधी येत नाहीत. चष्म्याच्या फ्रेमा उगाच उचलून खाली ठेवल्या. "हा नंबर आता पुरत नाही," म्हणाले. मी डोळे तपासले, नवी काच घातली. उठता उठता म्हणाले, "माझीही एक घालायला सांग. काळी. आणि रंग डाळिंबी."

डाळिंबी रंगाची साडी काकूची आवडती होती.

पुन्हा पाऊस आला, कळप वर आला, आणि आमचे रविवार बदलून गेले. आधी आम्ही ढुंगणांना हसायचो, आता ती कुणाची ते ओळखायचो. "ती बघ हिरवी, आत्याची!" "आमची पिवळी लंगडतेय का रे?" मावशीची निळी नेहमी पाण्याला सगळ्यात पुढे. मेंढी वाळलेलं गवत खाते की कोवळं, पाऊस कुठल्या भागात झाला, बंद भाग या वर्षी कोणता, यावर गॅलरीत तावातावानं बोलणं व्हायचं. काका नवा चष्मा लावून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायचे. त्यांची काळी व्याली तेव्हा त्यांनी मजल्यावर पेढे वाटले. कोकरू काळंच होतं, आणि बाईनं त्याच्याही पाठीवर डाळिंबी ठिपका लावला होता.

श्रावणातल्या एका कार्डात लांडगा परत आला. तोच राखाडी उजेड, तेच तळं. पण आता कुणी हललं नाही. सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडे होते.

तोंडात कोकरू होतं. काळं. आत्यानं हळूच श्वास आत घेतला. पाठीवरचा ठिपका चिखलानं माखला होता, तरी रंग कळत होता.

काका उठले. टीव्हीजवळ गेले, कडेवर हात ठेवून उभे राहिले. "परत लाव," म्हणाले. मी लावलं. मला वाटत होतं, आता ते वळतील आणि पुन्हा विकायचं म्हणतील, आणि या वेळी माझ्याकडे उत्तर नसेल.

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा आधी न दिसलेलं दिसलं. लांडग्याच्या मागे गवत हललं आणि त्यातून दोन पिल्लं बाहेर आली. अर्धवट वाढलेली, पाय अंगापेक्षा मोठे. त्यांनी कोकरावर उड्या मारल्या. मोठा लांडगा मान उंच करून त्यांना टाळत होता, मग त्यानं ते खाली टाकलं. चित्र संपलं.

"माझं गेलं गं," काका म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "लाव तिला फोन."

मी लावला, स्पीकरवर. मागे मेंढ्यांचा गलका ऐकू येत होता. काकांनी जे पाहिलं ते तिला सगळं सांगितलं. तिला कोकरू गेल्याचं माहीत होतं, पण सांगायचा धीर झाला नव्हता.

"वाईट वाटलं का, काका?" तिनं विचारलं.

"वाटलं की."

"मग तुमची काळी काढून घ्यायची का कळपातनं?"

सगळी गॅलरी काकांच्या तोंडाकडे बघत होती.

"छे!" काका म्हणाले. "राहू दे तिला. आणि माझ्या नावची आणखी एक घाल. एकीचं त्यानं नेलं तरी एकीचं राहील."

पलीकडून ती मोठ्यांदा हसली, आणि फोन बंद झाला. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, पुन्हा लावला आणि थांबलेल्या पडद्याकडे वाकून बघत राहिले.

"पिल्लं अंगानं चांगली भरलीयत ना गं?" त्यांनी मला विचारलं.